देवावर भरवसा आणि दारावर पहारा

प्रश्न थोडक्यात असा: सामाईक बांधावरून चुलत दिरांशी वाद पेटला आहे. नवरा कामासाठी परगावी असतो. घरात सासूबाई आणि दोन मुलं. "पेरणीच्या आत बघून घेतो" अशी धमकी दोनदा मिळाली, एका रात्री पत्र्यावर दगड पडले आणि मागच्या आठवड्यात उंबऱ्याशी हळदकुंकू लावून टाचण्या टोचलेलं लिंबू सापडलं. बायबलमधलं 91वं स्तोत्र, देवाच्या संरक्षणाचं, रोज म्हणते, तरी झोप लागत नाही. मंडळीतले (चर्चमधले) काही जण म्हणतात, पोलिसांत जाणं म्हणजे देवावर अविश्वास. काहींनी शत्रूंची नावं घेऊन 109वं, शापांचं, स्तोत्र म्हणायला सांगितलं आहे. काय करावं?

ताई, आधी तातडीचं. तक्रार करा, आणि उशीर करू नका. 109वं स्तोत्र म्हणता येतं, पण ज्या रीतीने सुचवलं गेलं आहे त्या रीतीने नाही. आणि झोप लागत नाही म्हणजे विश्वास कमी पडला, असं कुणी म्हटलं तर ते मनावर घेऊ नका. ज्या दाविदाने भरवशाची इतकी स्तोत्रं रचली, त्यानेच रात्रभर अंथरूण आसवांनी भिजवल्याचंही लिहून ठेवलं आहे (स्तोत्र 6:6).

पोलिसांच्या मुद्द्याचं उत्तर नहेम्याच्या पुस्तकात अगदी थेट मिळतं. यरुशलेमेचा कोट बांधताना सनबल्लट, तोबीया आणि त्यांच्या साथीदारांनी अचानक येऊन लोकांना मारायचा कट केला. त्यावर काय केलं ते 4:9 मध्ये एकाच वाक्यात येतं: आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला. दोन क्रियापदं आणि मध्ये "आणि". "पण" नाही. पुढे तपशील आहे: निम्मी माणसं बांधकामावर, निम्मी भाले-ढाली घेऊन, बांधणाऱ्यांच्याही कमरेला तलवार, कर्णा वाजवणारा नहेम्याच्या शेजारी, रात्री कुणी गावी परतायचं नाही, शहरातच मुक्काम. याच लोकांना नहेम्या सांगतो की आपला देव आपल्यासाठी लढेल. हे सांगितलं म्हणून त्याने एकही पहारेकरी कमी केला नाही.

यापेक्षाही स्पष्ट उदाहरण प्रेषितांची कृत्ये, अध्याय 23 मध्ये आहे. आदल्या रात्री प्रभूने स्वतः यरुशलेमेत रोमी कैदेत असलेल्या प्रेषित पौलाजवळ उभं राहून सांगितलं होतं की तुला रोममध्येही साक्ष द्यायची आहे, म्हणजे तू इथे मरणार नाहीस. दुसऱ्याच दिवशी 40 हून अधिक माणसांनी शपथ घेतली की पौलाला मारल्याशिवाय अन्नपाणी घेणार नाही. पौलाच्या भाच्याच्या कानावर हा कट गेला आणि त्याने तो मामाला कळवला. आता पौलाच्या हातात देवाचं वचन होतं, तेही ताजं. तरी तो भाच्याला "काळजी करू नकोस, प्रभूने सांगितलंय" असं म्हणत नाही. तो शताधिपतीला (रोमी सैन्याच्या अधिकाऱ्याला) बोलावतो आणि मुलाला सरदाराकडे पाठवतो. सरदार त्याच रात्री, रात्रीच्या तिसऱ्या तासाला म्हणजे साधारण 9 वाजता, 200 शिपाई, 70 स्वार आणि 200 भालाईत देऊन पौलाला कैसरीयाकडे रवाना करतो. प्रभूचं वचन पूर्ण झालं ते एका मुलाने ऐकलेलं खरं बोलल्यामुळे, एका कैद्याने अधिकाऱ्याला निरोप पाठवल्यामुळे आणि 470 सैनिकांच्या बंदोबस्तामुळे. देवाने हीच साधनं वापरली.

"पोलीस नकोत" म्हणणारे बहुधा एज्राचा दाखला देतात, आणि तो खराच आहे. बाबेलहून यरुशलेमेला निघताना एज्रा शास्त्र्याला पारसाच्या राजाकडे सैन्य मागायची लाज वाटली, कारण आमचा देव आम्हाला सांभाळतो असं त्याने राजाला सांगून ठेवलं होतं. म्हणून त्याने अहवा नदीकाठी उपास केला आणि पहाऱ्याशिवाय निघाला (एज्रा 8:21-23). पण नहेम्याबरोबर राजाने सरदार आणि स्वार पाठवले तेव्हा त्याने ते परत पाठवले नाहीत (नहेम्या 2:9). काळ जवळपास तोच, रस्ता जवळपास तोच, आणि दोघेही देवाचे विश्वासू सेवक. शिवाय एज्राचा निर्णय त्याचा स्वतःचा होता. त्याने तो दुसऱ्या कुणाच्या गळ्यात बांधला नाही. घरात म्हातारी सासू आणि दोन मुलं असलेल्या बाईला, ज्यांच्या स्वतःच्या पत्र्यावर दगड पडत नाहीत त्यांनी "तक्रार करू नकोस" म्हणणं मला मान्य नाही. रोमकरांस पत्र 13:4 प्रमाणे अधिकारीही देवाचे सेवक आहेत, आणि लूक 18 मधली विधवा न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाते म्हणूनच येशू तिचं उदाहरण देतो.

तर मग देवाच्या हाती नेमकं काय सोपवायचं? सूड आणि निकाल, या दोनच गोष्टी. पहारा आपल्याकडे राहतो. बहुतेक घरांत याच्या उलट होतं: पहारा देवावर टाकला जातो आणि सूड आपल्याकडे ठेवला जातो. मग दाराला कडी नसते, तक्रार नसते, पण डोक्यात दिवसभर "त्यांचं वाटोळं होऊ दे" चालू असतं.

आता प्रार्थनेकडे. सध्या तुमची प्रार्थना बहुधा अशी होत असेल: 91वं स्तोत्र, मग विनवणी, मग तोच विचार फिरून फिरून, आणि अर्ध्या तासाने भीती आधीपेक्षा जास्त. याला प्रार्थना म्हणत असलो तरी ते काळजीचेच पाढे म्हणणं असतं. त्याला आकार द्यायला 13वं स्तोत्र घ्या. फक्त 6 वचनं आहेत. पहिल्या दोनांत गाऱ्हाणं, "कोठवर" हा शब्द चार वेळा. पुढच्या दोनांत मागणं. शेवटच्या दोनांत भरवसा. याच मापाने वहीत रोज स्वतःचं लिहा. दोन वाक्यं काय झालं त्याची, नावगावासकट, काही न लपवता. दोन वाक्यं आज नेमकं काय हवंय त्याची. "संरक्षण कर" इतकं मोघम नको, "आज मुलं शाळेतून सुखरूप येऊ देत" असं. आणि दोन वाक्यं देव कसा आहे याची, मग ती म्हणताना मन साथ देत नसलं तरी. एकूण 15 मिनिटं, घड्याळ लावून. वेळ संपली की वही मिटायची. दिवसा पुन्हा विचार आला तर "ते वहीत आहे, त्याच्यासमोर आहे" एवढंच म्हणायचं. हिज्कीया राजाने अश्शूरच्या सन्हेरिब राजाचं धमकीपत्र मंदिरात नेऊन परमेश्वरासमोर पसरलं होतं (2 राजे 19:14), तीच ही रीत. बिघाड दोन ठिकाणी होतो: गाऱ्हाणं टाळून थेट स्तुतीवर उडी मारली तर भीती आत साचते, आणि गाऱ्हाण्यावरच थांबलं तर ती वाढते.

109व्या स्तोत्राविषयी. 6 ते 19 वचनांत भयानक शाप आहेत. काही अभ्यासक ते शब्द दाविदाच्या शत्रूंचे, त्याने उद्धृत केलेले, असं मानतात. बरेच जण ते दाविदाचेच मानतात. कसंही धरलं तरी तीन गोष्टी लक्षात घ्या. चौथ्या वचनात तो म्हणतो की मी त्यांच्यावर प्रेम केलं, ते माझे विरोधी झाले, पण मी प्रार्थनाच करतो. म्हणजे हात उगारलेला नाही. 21व्या वचनापासून तो सगळं देवाच्या स्वाधीन करून स्वतःच्या दुबळेपणाविषयी बोलू लागतो. आणि संपूर्ण स्तोत्र देवाशी आहे, शत्रूच्या दारात उभं राहून म्हटलेलं नाही. म्हणून राग अनावर झाला तर हे स्तोत्र पहिल्यापासून 31व्या वचनापर्यंत सलग वाचा. मधले शाप उचलून, तिथे दिरांची नावं घालून, 7 दिवस किंवा 21 दिवस जप करणं म्हणजे शास्त्रवचनाची करणी करणं. ते ख्रिस्ती माणसाचं काम नव्हे.

शत्रूविरुद्ध काय मागावं याचा उत्तम नमुना दाविदाच्याच आयुष्यात आहे. मुलगा अबशालोम याच्या बंडात त्याचा जुना सल्लागार अहीथोफेल फितूर झाल्याचं कळलं तेव्हा त्याने एवढंच मागितलं: अहीथोफेलाची मसलत मूर्खपणाची ठरव (2 शमुवेल 15:31). माणसाचा नाश मागितला नाही, मसलत फसावी एवढंच. लगेच 32व्या वचनात त्याचा मित्र हूशय समोर येतो आणि दावीद त्याला शत्रूची मसलत फसवायला शहरात परत पाठवतो. याजकांची मुलं निरोप्या म्हणून ठरतात. तुम्हीही तीन गोष्टी मागा: त्यांचा बेत फसो, खरं बाहेर येवो, आणि त्यांचं मन वळो. तिसरी मागताना घसा आवळला तर आवळू द्या, तरीही म्हणा. मग त्यांच्यापैकी एकासाठी एक ठोस चांगली गोष्ट मागा: त्या घरातल्या मुलीची परीक्षा, कुणाचं दुखणं. शत्रूवर प्रेम करा ही मत्तय 5:44 मधली आज्ञा पाळायला सुरुवात इथूनच होते.

91वं स्तोत्र सोडू नका, पण ते कसं धरता ते पाहा. हे स्तोत्र सैतानालाही पाठ होतं. येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी मारायला सांगताना त्याने याच स्तोत्राची वचनं वापरली (मत्तय 4:6), आणि प्रभूने उत्तर दिलं की देवाची परीक्षा पाहू नये. दार उघडं टाकून, एकटीने रात्री बांधावर जाऊन "91वं स्तोत्र आहे ना" म्हणणं ही तीच उडी आहे. उशाखाली पवित्र शास्त्र ठेवणं, दाराच्या चौकटीला प्रार्थनेचं तेल फासणं, "संरक्षणाचं तेल" म्हणून कुणी बाटली विकत असेल तर ती घेणं, यानेही ते स्तोत्र ताईत बनतं. 15वं वचन सावकाश वाचा: संकटात मी त्याच्याबरोबर असेन. म्हणजे संकट येणारच नाही असं हे स्तोत्रसुद्धा म्हणत नाही.

लिंबाचं. इथे थोडं थांबायला हवं, कारण गावात दगडापेक्षा लिंबाची भीती जास्त काम करते. गणना 22 ते 24 वाचा. मवाबाचा राजा बालाक पैसे देऊन बलाम नावाच्या शकुन पाहणाऱ्याला आणतो, डोंगरावर नेतो, तीन ठिकाणी प्रत्येकी 7 वेद्या बांधून 14 पशू अर्पण करतो आणि इस्राएलाला शाप द्यायला लावतो. प्रत्येक वेळी तोंडून आशीर्वादच निघतो. खाली छावणीत इस्राएल लोक स्वयंपाक करत होते, जनावरं बांधत होते. वर आपल्यासाठी शापाचा घाट घातलाय याची त्यांना गंधवार्ताही नव्हती. त्यांनी उतारा केला नाही, तोडगा शोधला नाही. 23:23 मध्ये बलामच कबूल करतो की याकोबावर मंत्रतंत्र चालत नाही.

पण पुढचाच, 25वा अध्याय वगळू नका. ज्या लोकांना शाप लागला नाही ते पौराच्या ठिकाणी स्वतःच्या पापाने पडले, 24,000 मेले, आणि 31:16 सांगतं की ती मसलतही बलामाचीच होती. लिंबाने तुमचं काही बिघडणार नाही. लिंबाच्या भीतीने तुम्ही देवऋषाकडे गेलात, किंवा जावेकडे बोट दाखवून "हिनेच केलं" म्हणालात, तर मात्र बिघडेल. लिंबाचा आणि उंबऱ्याचा तारखेसह फोटो काढा, कारण धमकी द्यायचा प्रयत्न म्हणून तो तक्रारीत उपयोगी आहे. मग ते उचलून कचऱ्यात टाका, हात धुवा, मुलांसमोर त्याची चर्चा करू नका. गावात कुणावरही करणीचा आरोप करू नका. अमुक व्यक्ती करणी करते असं सांगून तिला त्रास देणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अशा आरोपांतून निरपराध बायकांचे जीव गेले आहेत. मंडळीतलं कुणी "देवाने मला दाखवलं, करणी कुणी केली" असं म्हणालं तर नहेम्या 6:10-13 आठवा. शमाया नावाच्या माणसाने देवाचं नाव घेऊन भीतीचा संदेश दिला; नहेम्याने तपासलं आणि ओळखलं की याला तोबीया आणि सनबल्लटाने पैसे दिलेत. सगळेच विकले गेलेले नसतात. पण ज्या संदेशाने माणूस भेदरून काम सोडतो आणि शेजाऱ्याचा द्वेष करू लागतो, तो स्वीकारायच्या आधी पाळकांसमोर ठेवा.

आता पहाऱ्याचं काम. वेगळी वही करा. प्रार्थनेची वही आणि ही वही एक नको, कारण ही दुसऱ्यांना दाखवावी लागेल. प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, जागा, कोण होतं, आणि जसेच्या तसे शब्द. "शिवीगाळ केली" नव्हे. जे बोलले ते. फोनवरचे मेसेज पुसू नका, आलेले कॉल राहू द्या. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. गुन्हा अदखलपात्र (कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत असा) धरला तर त्या नोंदीचा, म्हणजे एनसीचा, क्रमांक घ्या. दखलपात्र असेल तर एफआयआरची प्रत मोफत मिळते. दखलपात्र असूनही नोंदवून घेतला नाही तर तोच अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येतो. शांतता भंग होण्याची भीती असेल तर समोरच्यांकडून बंधपत्र घेण्याची कारवाई होते, तिला ठाण्यात चॅप्टर केस म्हणतात, ती मागा. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते, फोन 15100. दगडफेक चालू असेल त्या क्षणी 112.

आणि मूळ भांडण बांधाचं आहे, ते तिथेच सोडवा. भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. सातबारा जोडावा लागतो आणि लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. मोजणीनंतर मिळणारी "क" प्रत (मोजणीचा नकाशा) जपून ठेवा. अर्ज करण्याआधी 7वं स्तोत्र वाचा. कूश नावाच्या माणसाने केलेल्या आरोपांवर दावीद देवाला म्हणतो, माझ्या हातून खरंच अन्याय झाला असेल तर शत्रूला मला तुडवू दे. बांध मागे कधी आपल्याच घरातून हातभर सरकला आहे का, हे सासूबाईंना आणि नवऱ्याला स्पष्ट विचारा. सरकला असेल तर मोजणीची वाट न पाहता कबूल करा. पेत्र बजावतो की दुःख सोसायचंच तर ते अन्याय करणारा म्हणून सोसू नये (1 पेत्र 4:15).

रात्रीसाठी: दारापुढे दिवा, आतून कडी, फोन चार्ज केलेला, दोन शेजाऱ्यांचे नंबर वर. नवरा येईपर्यंत मंडळीतल्या एखाद्या कुटुंबाला आळीपाळीने मुक्कामाला बोलवा. नहेम्याने तेच केलं. बातमी मात्र पाळक आणि दोन-तीन भरवशाच्या माणसांपुरती ठेवा. प्रार्थनेच्या व्हॉट्सअॅप गटावर नावांसकट विनंती टाकली की ती संध्याकाळपर्यंत दिरांच्या हातात पडते. निजताना तिसरं किंवा चौथं स्तोत्र म्हणा. दोन्ही लहान आहेत आणि दोन्हींत झोपेचा उल्लेख आहे. सासूबाईंना साखर किंवा रक्तदाब असेल तर त्यांना उपासात ओढू नका आणि कुणाचीही गोळी थांबवू नका. दोन आठवड्यांहून अधिक झोप उडालेली राहिली तर डॉक्टरांना दाखवा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा.

एक अवघड गोष्ट लपवून ठेवणं बरोबर नाही. प्रेषितांची कृत्ये 12 मध्ये हेरोद राजा प्रेषित याकोबाला तलवारीने मारतो आणि त्याच अध्यायात पेत्र 16 शिपायांच्या पहाऱ्यातून सुटतो. याकोबासाठी कमी प्रार्थना झाली असं तिथे लिहिलेलं नाही. दानीएल 3 मधले, राजाच्या मूर्तीपुढे न वाकलेले तिघे भट्टीसमोर म्हणतात, आमचा देव सोडवायला समर्थ आहे; आणि नाही सोडवलं तरी आम्ही वाकणार नाही. रोमकरांस पत्र 8 मध्ये ख्रिस्ताच्या प्रीतीपासून जे आपल्याला वेगळं करू शकत नाही त्या यादीत तलवार आहे. म्हणजे तलवार येऊ शकते, प्रीती सुटत नाही. जमिनीचा निकाल तुमच्या विरुद्ध लागला तर "देवाने सोडलं" असं मुलांना वाटू नये, म्हणून त्यांच्यासमोर "देव आपल्यालाच जिंकवणार" असं बोलू नका. "काहीही झालं तरी तो आपल्याबरोबर आहे" असं बोला.

समेटाची वेळ आली तर क्षमा आणि भरवसा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. दाविदाने आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाला दोनदा हातात सापडूनही सोडलं. दुसऱ्या वेळी शौल आपली चूक कबूल करून म्हणाला, माझ्या मुला, परत ये. दाविदाने त्याच्या उशाजवळून घेतलेला भाला परत केला, पण तो स्वतः शौलाबरोबर गेला नाही (1 शमुवेल 26:21-25). पौलही आपलं वाईट केलेल्या आलेक्सांद्र तांबटाविषयी म्हणतो की प्रभू त्याचं पाहून घेईल, आणि पुढच्याच वचनात तीमथ्याला सावध राहायला सांगतो (2 तीमथ्य 4:14-15). म्हणून दीर बोलायला आले तर चहा द्या, त्यांच्या घरी दुखणं असेल तर डबा पोचवा. शत्रू भुकेला असेल तर त्याला खाऊ घाल, ही आज्ञा शब्दशः पाळता येते. तडजोड मात्र लेखी करा, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी, "क" प्रतीतल्या हद्दीप्रमाणे, पाळकांच्या किंवा वकिलांच्या समोर. कोऱ्या कागदावर किंवा घाईने पुढे केलेल्या स्टॅम्पपेपरवर सही करू नका. आणि तडजोडीनंतरही निदान पुढची पेरणी पार पडेपर्यंत दारापुढचा दिवा आणि घटनांची वही चालू ठेवा.